घरचा उद्योग : वनांत निजण्याची झोळी

या सदरांत आजवर आम्हीं घरच्या घरीं करतां येण्यासारख्या अनेक वस्तूंविषयीं लिहिलें. परंतु जिनें प्रथम आमची फजिती केली व मग आम्हांस शहाणपण शिकविलें, अशी वस्तु वाचकांपुढें ठेवण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. म्हातारपणीं मास्तरांस हें काय सुचलें, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर इतकेंच, कीं सुचलें तें आम्हांस नव्हे, आमच्या नातवास सुचलें.

दिवाळीच्या सुटींत तो पुण्याहून आमच्याकडे वाईस आला होता. वय १७, अंगानें सडपातळ, पण उंच. मार्गशीर्षांत चार मित्रांसह घाटमाथ्यावर दोन रात्रीं मुक्काम करण्याचा त्याचा बेत होता. जमिनीवर दगडगोट्यांत निजण्यापेक्षां दोन झाडांना टांगलेल्या झोळींत निजावें, ही त्याची इच्छा. अशी झोळी बाजारांत तयार मिळते, तिला हॅमक म्हणतात व चांगली घ्यावी तर बरेच पैसे पडतात, हेंहि त्यानें सांगितलें. "आजोबा, आपण घरींच करूं या कीं!" असें तो म्हणाला, आणि तें आम्हांस इतकें आवडलें कीं दुसऱ्या दिवशींच आम्ही कामास लागलों. घाई झाली ती येथेंच.

घरांत मांजरपाटाची एक जाड चादर होती. तिचीं दोन्ही टोकें गोळा करून आम्हीं विहिरीवरच्या जुन्या काथ्याच्या दोरानें बांधलीं, आणि परसांतील आंबा व जांभूळ यांच्यामध्यें ती झोळी टांगली. दोर ढिला राहिला तर माणूस जमिनीस टेकेल, अशी आमची समजूत. म्हणून धुणें वाळत घालण्याची दोरी ताणतात तशी आम्हीं ती दोघांनी मिळून ताणली. झोळी अगदीं सरळ, पलंगासारखी दिसूं लागली. नातू हसत हसत तींत बसला. क्षणभरच बसला. कडकन् आवाज झाला आणि तो पाठीवर खालीं आदळला. धुण्याचा दगड त्याच्या डोक्यापासून एका वितीवर होता.

माकडहाडास मार लागला होता. डॉक्टरांनीं चित्र काढून पाहिलें. हाड मोडलें नव्हतें. आठ दिवस उशीवर बसावें लागेल, इतकेंच त्यांनीं सांगितलें. सायंकाळीं सुनबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, "बाबा, डोकें तर नाहीं ना आपटलें?" त्या प्रश्नांत राग नव्हता, आणि म्हणूनच तो आम्हांस अधिक बोंचला. तो दगड तेथें कित्येक वर्षें आहे. झोळी बांधतांना तो उचलून बाजूस करावा, हें आमच्या ध्यानांत कां आलें नाहीं, याचें उत्तर आम्हांपाशीं अजूनहि नाहीं.

रात्रीं आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मुलांची झोळी आपण कधीं अशी ताणून बांधली होती का? लुगड्याची झोळी खालपर्यंत लोंबती असे, म्हणून तर पोर तींतून पडत नसे." आमचीं तिन्ही मुलें अशा झोळींत वाढलीं. शेतावर राबणाऱ्या बाया आजहि झाडाच्या फांदीस लुगडें बांधून तान्ह्या मुलास तसेंच निजवितात; त्यांतील एकहि झोळी ताणलेली कोणीं पाहिली नसेल. जें घरांत रोज डोळ्यांसमोर होतें तें विसरून आम्ही धुण्याच्या दोरीकडून धडा घेतला.

याहून लाजेची गोष्ट निराळीच. शाळेंत आमचा विषय संस्कृत. पण विज्ञानाचे शिक्षक रजेवर असत तेव्हां बलांचा समांतरभुज चौकोन आम्हींच फळ्यावर काढून दाखवीत असूं, तोहि एकदां नव्हे, वर्षानुवर्षें. दोन दोर मिळून एक वजन उचलतात, तर प्रत्येकाच्या वांट्यास निम्में वजन येईल, असा हिशेब मनुष्य सहज करतो. तो हिशेब दोर सरळ उभे लोंबत असतील तरच खरा. दोर जसजसे आडवे होत जातात तसतसा त्यांवरील ताण वाढत जातो. माणसाचें वजन ६० किलो धरा. दोर क्षितिजाशीं ४५ अंशांचा कोन करीत असतील तर प्रत्येकावर ४२ किलोंचा ताण पडतो. ३० अंशांवर बरोबर ६०, म्हणजे एकेका दोरावर संबंध माणूस. १० अंशांवर हाच ताण १७३ किलो होतो, आणि ५ अंशांवर ३४४! आमची झोळी पांच अंशांहून फारशी अधिक कललेली नसावी. म्हणजे विहिरीवर कुजत आलेल्या त्या बिचाऱ्या दोरावर आम्हीं पांच-सहा नातू एकदम बसविले होते. तो तुटला यांत दोराचा काय दोष?

हें गणित ज्यास करावयाचें असेल त्यानें माणसाच्या वजनास कोनाच्या ज्येच्या दुपटीनें भागावें. ‘ज्या’ म्हटल्यावर आमच्यांतील संस्कृत मास्तर गप्प बसत नाहीं. वाचकांनीं क्षमा करावी. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटानें ४९९ च्या सुमारास अर्धज्यांचें कोष्टक दिलें, व ‘अर्धज्या’चें पुढें नुसतें ‘ज्या’ झालें. अरबांनीं तो शब्द ‘जीब’ असा उचलला. अरबी लिपींत स्वर लिहीत नसल्यामुळें पुढच्या लोकांनीं तो ‘जैब’ असा वाचला, आणि जैब म्हणजे वस्त्राची घडी, खिसा किंवा ओटी. बाराव्या शतकांत युरोपीय भाषांतरकारांनीं त्याचें लॅटिनमध्यें ‘सायनस’ केलें. त्याचाहि अर्थ वस्त्राचा लोंबता ओचा. आज मुलें शाळेंत जें ‘साइन’ म्हणून घोकतात तें हेंच. आपली ताणलेली दोरी एका वाचनाच्या चुकीनें लोंबती झोळी होऊन बसली! आमची चूक याच्या नेमकी उलट झाली होती.

ही शय्या मुळांत आपल्याकडची नव्हे. १४९२ सालीं कोलंबस बहामा बेटांवर उतरला, तेव्हां तेथील लोक कापसाच्या सुताच्या जाळ्यांत निजतात असें त्यास दिसलें. त्या बेटांवरील ताइनो भाषेंतला शब्द स्पॅनिशमध्यें ‘हामाका’ व इंग्रजींत ‘हॅमक’ झाला. पुढें ती खलाशांनीं उचलली, कारण जहाज हेलकावलें तरी झोळी आपला तोल राखते. ब्रिटिश आरमारांत पूर्वीं दर खलाशास झोळी टांगण्यासाठीं अवघी १४ इंच रुंदीची जागा मिळे. सकाळीं झोळ्या गुंडाळून जहाजाच्या कडेनें रचीत, म्हणजे लढाईंत बंदुकीच्या गोळ्यांस तेवढाच आडोसा. आणि खलाशी मेला तर त्याच झोळींत शिवून त्यास समुद्रास देत. आपल्याकडे नौका आणि झोका यांची सांगड त्याहून पुष्कळ जुनी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत वसिष्ठ वरुणासह नौकेंत बसून पाण्याच्या पाठीवर झोके घेतल्याची आठवण काढतो, आणि तेथील झोक्याचा शब्द ‘प्रेंख’ हा आहे. असो. विषयावर येऊं.

दुसऱ्या खेपेस आम्हीं बेतानें घेतलें. कापड दोन प्रकारचें चालतें. मांजरपाट किंवा त्याहून जाड सुती कापड अंगास सुखकर असतें, पण तें जड, आणि दंवानें भिजलें तर लवकर वाळत नाहीं. परसांत झोपावयाचें असेल तर तेंच घ्यावें. मात्र शिवण्यापूर्वीं एकदां धुवून आटवून घ्यावें. पाठीवर वाहून न्यावयाचें असेल तर ज्यास लोक पॅराशूटचें कापड म्हणतात तें नायलॉन बरें. त्यांतहि ज्याच्या विणींत ठराविक अंतरावर जाड धागा घालून बारीक चौकडी केलेली असते तें पाहून घ्यावें. अशा कापडास भोंक पडलें तरी फाट पुढें पसरत नाहीं. पन्हा ६० इंचांचा हवा. चार वार कापड आणून त्यांतील ११ फूट ४ इंच कापून घ्यावें. लांबीच्या दोन्ही कडा अर्धा इंच दुमडून, पुन्हा अर्धा इंच दुमडून शिवाव्या. रुंदीच्या टोकांस लेंग्याच्या नेफ्यासारखा दीड इंचाचा नेफा करावा. शिवणीसाठीं आणखी अर्धा इंच आंत दुमडावा लागतो, म्हणून प्रत्येक टोकास दोन इंच जाऊन झोळी ११ फुटांची उरते. नेफ्यास तीन वेळां टीप मारावी व दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा भिजून कुजतो.

या कापडाचीं टोकें गोळा करण्याचें काम आम्ही आपल्या हातीं घेतलें होतें, पण चुण्या कोठें जाड, कोठें बारीक अशा पडूं लागल्या. तशा पडल्या तर झोळीची एक बाजू ताठ व दुसरी पोकळ राहते. सौभाग्यवतींनीं तें आमच्या हातांतून काढून घेतलें आणि नेसतांना निऱ्या घालतात तशा चार-चार बोटांच्या वीस निऱ्या हां हां म्हणतां घातल्या. चाळीस वर्षें रोज ज्यांनीं नऊवारी नेसली त्यांच्याशीं कोणीं बरोबरी करावी? निऱ्या एकावर एक बसल्या, मग नेफ्यांतून ८ मिलिमीटर जाडीचा पॉलिएस्टरचा दोर ओवून त्याचें लहानसें कडें केलें. नायलॉनचा दोर घेऊं नये. तो ताण पडला कीं लांबतो. आम्हीं प्रथम तोच घेतला होता, आणि सकाळपर्यंत झोळी वीतभर खालीं आली होती.

कड्याची गांठ साधी निरगांठ नसावी. असले गुळगुळीत दोर साध्या गांठींतून निसटतात. एका टोकानें दुसऱ्या दोराभोंवतीं दोन वेढे द्यावे व तें त्याच वेढ्यांतून काढून घट्ट करावें. दुसऱ्या टोकानेंहि पहिल्या दोराभोंवतीं तसेंच करावें. मग दोन्ही गांठी ओढून एकमेकींस भिडवाव्या. गिर्यारोहक दोर जोडण्यास हीच गांठ वापरतात. टोकें चार बोटें तरी बाहेर राहिलीं पाहिजेत. गांठ कोणतीहि असो, तिच्यामुळें दोराची शक्ति पुष्कळ घटते. कित्येक गांठींत ती जवळजवळ निम्मी होते. म्हणून दोर घेतांना अंगावरील वजनाच्या पांचपट तरी ताण सोसेल असा घ्यावा.

नातवानें एक युक्ति सांगितली, ती आम्हांस फार पसंत पडली. झोळीच्या दोन कड्यांमध्यें वरून एक बारीक पण मजबूत दोरी बांधावयाची. तिची लांबी झोळीच्या लांबीच्या शेंकडा ८३, म्हणजे ११ फुटांच्या झोळीस ९ फूट दीड इंच. मग झाडें जवळ असोत वा दूर, झोळीचा झोल नेहमीं सारखाच राहतो. बांधणारा घाईंत असला तरी त्यास ती सरळ ताणतां येत नाहीं. आमच्यासारख्यांसाठीं ही दोरी म्हणजे वेसणच होय. रात्रीं चष्मा व विजेरी तिजवर अडकवितां येते, हा वरचा लाभ.

झाडांची निवड हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आंबा, जांभूळ, हिरडा अशीं जून व मांडीहून जाड खोडाचीं झाडें घ्यावीं. शेवग्यास कधींहि बांधूं नये. तो किती ठिसूळ हें शेंगा काढण्यास चढलेल्या कोणासहि विचारावें. पांगारा व सावर यांस कांटे. कोंकणांत माडाखालीं झोळी टांगण्याचा मोह होतो, पण वर नारळ आहेत हें विसरूं नये. वर वाळकी फांदी लटकत असेल तर झाड कितीहि जून असो, तें सोडावें. आणि विटांचा किंवा रचीव दगडांचा खांब असेल तर त्याच्या वाटेस जाऊं नये. झोळी खांबास खालीं दाबीत नाहीं, आडवी ओढते. ३० अंशांच्या कोनांतहि ६० किलोंचा माणूस खांबास ५२ किलोंनीं आपल्याकडे ओढीत असतो. असा खांब कोसळला तर तो नेमका झोळींतल्या माणसाच्या अंगावर येतो. किल्ल्यांवरील देवळांच्या खांबांविषयीं तर बोलावयासच नको. ते आपल्या झोळीसाठीं कोणीं उभे केलेले नाहींत.

झाडास दोर गुंडाळला तर साल कांचते. त्याऐवजीं पलंगास वापरतात तशी दोन इंच रुंदीची नवार घ्यावी. नवी घ्यावी, माळ्यावरची नको. नवारीच्या एका टोकास फांसा शिवून ती झाडाभोंवतीं घ्यावी, दुसरें टोक त्या फांशांतून काढावें व त्यास झोळीचा दोर दोन वेढे आणि दोन अर्ध्या गांठी देऊन बांधावा. झाडांमध्यें १४ फूट अंतर असेल तर नवार ६ फूट उंचीवर बांधावी. दोर सात विती आडवा गेला कीं चार विती खालीं आला पाहिजे. हाच तो ३० अंशांचा कोन. असें केल्यास झोळीचा तळ जमिनीपासून सुमारें दीड फुटावर येतो. बसल्यावर पाय जमिनीस टेकावे. याहून उंच टांगण्यांत शौर्य कसलें? आणि खालचे दगड आधीं उचलावे. हें वाक्य आम्हीं स्वतःसाठीं लिहिलें आहे.

झोळी तयार झाल्यावर आम्हीं नातवास तींत बसूं दिलें नाहीं. ५० किलोंचीं गव्हाचीं दोन पोतीं तींत रात्रभर ठेविलीं. सकाळीं गांठी, टीप, नवार सर्व पाहिलें. नंतर दुसऱ्या रात्रीं आम्ही स्वतः निजलों. सौभाग्यवती विजेरी घेऊन तीन वेळां परसांत येऊन गेल्या. आम्ही जागे आहों हें त्यांस कळूं दिलें नाहीं.

निजतांना प्रथम आम्ही सरळ लांबीनें पडलों. पाठीस केळ्यासारखा बांक आला, गुडघे दुखूं लागले. मग नातवानें सांगितल्याप्रमाणें तिरपे झालों, डोकें मध्यरेषेच्या एका बाजूस व पाय दुसऱ्या बाजूस, तों अंग जवळजवळ सपाट झालें. पन्हा एवढा मोठा कां हवा तें तेव्हां समजलें. थंडीचा प्रकार मात्र आम्हांस नवा होता. अंगावर दोन पांघरुणें असूनहि रात्रीच्या तिसऱ्या प्रहरीं पाठ गार पडली. झोळीखालून वारा वाहतो, आणि पाठीखालचें पांघरूण आपल्याच भारानें चेपून निरुपयोगी होतें. उपाय असा, कीं घोंगडी झोळीच्या आंत नव्हे, बाहेरून, तळास थोडी पोकळी राहील अशी टांगावी. डांस पातळ कापडांतून खालूनहि चावतात. घोंगडीमुळें तोहि त्रास चुकतो. पाऊस आला तर वर ताडपत्री हवीच, पण पाणी दोरावरून ओघळत झोळींत येतें, म्हणून दोरास कापडाच्या अलीकडे एक सुतळी बांधून तिचें टोक खालीं लोंबतें सोडावें. पाणी त्या टोकावरून गळून जातें.

सुनबाईंस आम्हीं हें सर्व फोनवर सविस्तर सांगितलें, कोनासह. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि मग म्हणाल्या, "जाऊं दे त्याला."

त्या मंडळींनीं वनखात्याची परवानगी काढली होती. अभयारण्यांत ती काढल्यावांचून कोणीं मुक्काम करूं नये. दोन रात्रीं फोन लागत नव्हता. घरांत त्याविषयीं कोणी बोललें नाहीं, पण दोन्ही दिवस कोणी नीट जेवलेंहि नाहीं. तिसऱ्या दिवशीं दुपारीं तो स्वतःच आला. तोंड उन्हानें रापलेलें, पाय खरचटलेले, माकडहाड शाबूत. चहा होण्यापूर्वींच त्यानें तक्रारी सांगितल्या. घोंगडी जड होते. वरची दोरी अंमळ जाड हवी. नवार आणखी हातभर लांब पाहिजे, कारण घाटांतलीं झाडें परसांतल्या जांभळीएवढीं बारीक नसतात. शिवाय त्याच्या चारहि मित्रांस अशा झोळ्या करून हव्या आहेत, असें त्यानें आजीस आधींच कबूल करून टाकलें आहे. म्हणजे आणखी १६ वार कापड, आणि ६० इंची पन्हा गांवांत मिळत नाहीं. उद्यां साताऱ्यास जाऊन पहावयाचें आहे.